शेवटच्या पानावरच्या शंका

नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत श्यामला घैसास गणित शिकवायच्या. सव्वीस वर्षं. ज्याला घैसास बाई माहीत नाहीत तो माणूस पेठेतला नव्हेच, असं खुशाल समजावं. बुटकी मूर्ती, कडक खळीची सुती साडी, आणि नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. दर जूनमध्ये पालकांना हॉलमध्ये बसवून 'अभ्यास कसा करावा' यावर त्या तासभर बोलायच्या आणि जाताना प्रत्येकाच्या हातात बारा नियमांचा कागद ठेवायच्या. पंखा लावून अभ्यास करू नये, झोप येते. धडा पाठ झाल्याशिवाय पाणी प्यायला उठू नये. दहा वेळा लिहिलेलं जन्मात विसरत नाही. असले नियम. पेठेतल्या कितीतरी घरांत हा कागद फ्रिजला चिकटवलेला होता, म्हणजे पाणी प्यायला उठलेल्या मुलीला पाण्याआधी तोच दिसायचा.

सातवा नियम बाईंचा लाडका. तास चालू असताना शंका विचारू नये. एकीच्या शंकेपायी बाकी सत्तेचाळीस जणींचं लक्ष उडतं. शंका वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी आणि घरी शांतपणे विचार करावा. शनिवारी वह्यांचा गठ्ठा तपासायला आला की बाई ते शेवटचं पानही उघडायच्या आणि लाल शाईनं सही ठोकायच्या. नियम म्हटला की तो पाळला जातोय की नाही ते बघायला नको का?

इतकं करूनही एखादी मुलगी शून्यात बघत बसलेली दिसायचीच. मग बाईंचा खडू थांबायचा. "लक्ष कुठंय तुझं?" सव्वीस वर्षांत या प्रश्नाला एकाही मुलीनं उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते, हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळायचं. सध्या ही खाली गेलेली मान बहुतेक वेळा सातवी ब मधल्या अस्मिताची असायची. मागच्या बाकावर बसणारी, अबोल, अक्षर सुरेख आणि गणितात ठणठणाट. सहावीतही बाईच होत्या तिला, आणि आता सातवीतही. सहावीच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही सत्रांत बाईंनी एकच शेरा लिहिला होता: लक्ष नसते.

तर अशा या बाईंवर दोन हजार दोन सालच्या जुलैत आफत आली. शाळेच्या पर्यवेक्षिका मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या खुर्चीत घैसास बाई बसणार हे शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे धरून चालले होते. तोच संस्थेचं पत्र आलं. शाळेत आता चार कम्प्युटर आले आहेत, तेव्हा पर्यवेक्षिका होणाऱ्या व्यक्तीनं डिसेंबरअखेर सरकारमान्य कम्प्युटर परीक्षा पास व्हावी. न झाल्यास यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल. पुढचं नाव बाईंच्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. हिला बाईंनी एकदा अख्खा तास बाकावर उभं केलं होतं, आता तिला विचारून रजा घ्यायची? बाईंनी पत्राची घडी घातली आणि मनाशी म्हटलं, परीक्षाच ना. परीक्षा कशी द्यायची ते मला कोणी शिकवायला नको.

पेठेत तेव्हा दर चार घरांआड कम्प्युटरचा क्लास निघाला होता. ज्याच्या त्याच्या मुलाला हडपसरच्या कम्प्युटर कंपनीत नाहीतर थेट अमेरिकेला जायचं होतं. पण पेठेतल्या क्लासात जायचं म्हणजे आजी-माजी विद्यार्थिनींच्या मांडीला मांडी लावून बसायचं. छे. बाईंनी शाळेत सांगितलं, गुडघ्याला शेक घ्यायला जाते, आणि रोज पाच वाजता स्वारगेटला बस बदलून त्या थेट बिबवेवाडी गाठायला लागल्या.

क्लास एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. धुळीनं कम्प्युटर बिघडतो म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. खाली दिवसभर पीठ उडतंय आणि वर हे सोवळं. शिकवणारा वैजनाथ वाशीमचा, तेवीस वर्षांचा, इंजिनिअर होऊन नोकरी शोधत होता आणि मिळेपर्यंत इथे शिकवत होता. त्याला 'अरे' म्हणावं की 'सर' म्हणावं इथूनच बाईंचा घोळ सुरू झाला. शेवटी त्या काहीच म्हणेनाशा झाल्या.

पहिल्या दिवशी वैजनाथनं सगळ्यांना पडद्यावर एक खिडकी उघडायला लावली आणि त्यात स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. बाईंनी एकेक अक्षर हुडकत नाव उमटवलं. बरं वाटलं. "आता खिडकी बंद करा," वैजनाथ म्हणाला. समोर काहीतरी प्रश्न आला, बाईंनी घाबरून कुठेतरी टिचकी मारली आणि नाव गेलं. पडद्यावर नुसती निळाई. कुठं गेलं? बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तास चालू होता. त्यांनी मुकाट्यानं वही उलटी करून शेवटच्या पानावर लिहिलं: खिडकी बंद केल्यावर आत लिहिलेले कुठे जाते? लिहून मान वर केली तेव्हा बाकीचे लोक कुठल्या कुठे पोचले होते.

तिथून जी गाडी घसरली ती घसरलीच. रोज काहीतरी नवीन. कॉपी करा, पेस्ट करा, फोल्डर करा, नाव बदला. बाईंना प्रत्येक वेळी वाटायचं, अहो पण ते आधीचं कुठं आहे? जे कुठं आहे तेच माहीत नाही त्याची कॉपी कशाची करायची? पण आठवडाभरानंतर पहिल्या दिवसाचं विचारायचं म्हणजे शोभा. त्या शेवटच्या पानावर लिहीत राहिल्या. पान भरलं तेव्हा त्याच्या आधीच्या पानावर सरकल्या.

घरी मात्र त्यांनी कंबर कसली. बारा नियम दुसऱ्यांसाठी थोडेच होते? पंखा बंद केला. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात हलवला. प्रत्येक कृती दहा-दहा वेळा लिहिली. "फाइल, ओपन, नाव, ओके. फाइल, ओपन, नाव, ओके," असा जप करत त्या खोलीत येरझारा घालायला लागल्या. त्यांचे यजमान अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पेपर वाचत बसायचे. चौथ्या दिवशी त्यांनी पेपर खाली केला. "श्यामला, कम्प्युटरनं ऐकलं असेल आता. जेवायला बसू या का?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय," बाई म्हणाल्या. "अहो, मला सगळं पाठ आहे. तिथं गेलं की काहीच जागेवर नसतं."

आणि ते खरंच होतं. पाठ म्हणून दाखवा म्हटलं असतं तर बाईंनी धडधडा म्हणून दाखवलं असतं. पण पडद्यासमोर बसलं की हाताखालचा माऊस भलतीकडे पळायचा, चौकोनावर चौकोन उघडायचे, आणि यातला आपला कुठला हेच उमजायचं नाही. नोव्हेंबरात सराव परीक्षा झाली. पन्नासपैकी बाईंना अकरा. शेजारच्या खुर्चीवरची उत्कर्षा, एकोणीस वर्षांची, च्युइंगगम चघळत, मध्येच मोबाइलवर खेळत, तासातून चारदा पाणी प्यायला उठणारी. बारापैकी एक नियम तिनं पाळला असेल तर शपथ. तिला सेहेचाळीस.

"तू कसा करतेस गं अभ्यास?" बाईंनी न राहवून विचारलं.

"अभ्यास असा नाही, मॅडम. नाही कळलं की लगेच सरांना पिडते. नाहीतर दाबून बघते काय होतंय."

बाईंचं डोकं चालेना. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी डोळे पुसले, आणि समोरच्या बाईनं विचारलं तेव्हा धूळ गेली म्हणून सांगितलं. आपलं वय झालं का? की आपण पहिल्यापासूनच ढ होतो, आणि सव्वीस वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही? बारा नियम चुकीचे म्हणावेत तर हजारो मुली पास झाल्या त्या कशा? आणि बरोबर म्हणावेत तर हे अकरा मार्क कसले? त्यांना काही म्हणता काही कळेना. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ काहीतरी तक्ता करायला शिकवत होता. बाई पडद्याकडे बघत होत्या, म्हणजे बघत नव्हत्याच. त्याचे शब्द कानावर आदळून खाली पडत होते.

"मॅडम," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "लक्ष कुठं आहे तुमचं? मी मघापासून तुमच्याशीच बोलून राहिलो ना."

बाईंची मान आपोआप खाली गेली. पापणी लवायच्या आत. आणि खाली गेलेल्या मानेनं त्यांना मागच्या बाकावरची अस्मिता आठवली. संताप आला, वैजनाथचा नव्हे, नक्की कुणाचा ते सांगता आलं नसतं. त्यांनी मान वर केली.

"पहिल्या दिवशी आहे," त्या म्हणाल्या.

"काय पहिल्या दिवशी?"

"माझं लक्ष. तुम्ही खिडकी बंद करायला सांगितलीत तेव्हा माझं नाव कुठं गेलं? चार महिने मी तिथंच उभी आहे. तुम्ही सगळे पुढं गेलात."

वैजनाथनं त्यांची वही मागितली. वही उलटी करून मागून भरत आणलेली पानं त्याला दिसली. अकरा पानं. तो स्टुलावर बसला आणि पहिल्यापासून वाचायला लागला. हसला नाही, हे त्याचं नशीब.

"हे विचारलं काहून नाही मॅडम तुम्ही?"

"तास चालू होता."

त्याला हे उत्तर मुळीच कळलं नाही. तो म्हणाला, "असं बघा. तुम्ही वर्गात वही लिहिता. नुसती वही मिटली तर अक्षरं जातात का? नाही. पण कपाटात न ठेवता तशीच टेबलावर टाकून गेलात, तर शिपाई रद्दीत देईल. सेव्ह म्हणजे कपाटात ठेवणं. फोल्डर म्हणजे कप्पा. तुम्ही त्या दिवशी न ठेवता मिटली, म्हणून नाव गेलं. चूक काही नाही त्यात."

"इतकंच?" बाई म्हणाल्या.

"इतकंच."

मग त्या दोघांनी वहीतल्या शंका एकेक करून काढल्या. निम्म्याहून जास्त तर बाईंनी स्वतःच खोडल्या. पहिलीचं उत्तर मिळाल्यावर त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. उरलेल्या त्यांनी तीन आठवडे तासाच्या मध्ये, सगळ्यांदेखत, हात वर करून विचारल्या. पहिल्यांदा हात अर्धाच वर गेला. नंतर तर वैजनाथ त्यांच्याकडे आधी बघून मग पुढं जायला लागला. गंमत म्हणजे त्यांच्या शंकेनं कुणाचं लक्षबिक्ष उडालं नाही. दोन-तीन जण उलट कान टवकारून ऐकायचे.

परीक्षेत बाईंना पन्नासपैकी अडतीस मिळाले. जानेवारीत संस्थेचं पत्र आलं, मार्चपासून श्रीमती घैसास या पर्यवेक्षिका. स्टाफरूममध्ये पेढे झाले. गुडघा कसा आहे असं कुणीतरी विचारलं, बाई म्हणाल्या, बरा आहे. अनंतराव म्हणाले, "आता पंखा लावायला हरकत नाही ना?" सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी बाईंना आतून काहीतरी टोचत होतं, काय ते सापडत नव्हतं.

त्याच महिन्यातल्या एका शनिवारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घैसास बाई, आता तुम्हीच तुमचे बारा नियम कम्प्युटरवर छान टाइप करून द्या. लॅमिनेट करून प्रत्येक वर्गात लावू."

शाळा सुटली होती. सातवी ब च्या वह्यांचा गठ्ठा बाईंनी कम्प्युटरशेजारी ठेवला आणि टाइप करायला बसल्या. पंखा लावू नये. पाणी पिऊ नये. सहा नियम झाले. आधी सेव्ह केलं, कपाटात. मग सातवा: तास चालू असताना शंका. तिथं बोटं थांबली.

त्यांनी गठ्ठ्यातून अस्मिताची वही ओढून काढली आणि उलटी करून शेवटचं पान उघडलं.

सुरेख अक्षरात वर तारीख होती, बावीस जून. खाली लिहिलं होतं: अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करायचा? (ही शंका सहावीतली आहे. ती वही संपली म्हणून इथे लिहिली.) त्याखाली लाल शाईत सही, श्या. घैसास. त्याखाली एकोणतीस जून: वरची शंका तशीच आहे. सही, श्या. घैसास. सहा जुलै: वरची शंका तशीच आहे. सही. ऑगस्ट, सप्टेंबर. पान उलटलं तरी तेच. दिवाळीच्या सुट्टीत ओळ नव्हती, सहीही नव्हती. डिसेंबरात बाईंची सही जरा घाईची होती, परीक्षेचे दिवस होते.

बाईंनी सह्या मोजल्या. पंचवीस भरल्या. एकही शनिवार चुकला नव्हता.

आजची ओळही अस्मितानं लिहिली होती, आणि खाली सहीपुरती जागा सोडली होती. बाईंच्या हातात लाल पेन होतं. त्याचं आता काय करायचं, ते त्यांना कळेना.