खिंडीतले अकरा दगड

कुरकुऱ्याची संग्रहालयातली नोकरी होती बसून राहण्याची. जुना लोकरी कोट घालायचा, खोट्या चुलीपाशी बसायचं, पाहुणे आले की दोराला गाठ मारून दाखवायची. पस्तीस वर्षं खेचरं हाकत खिंड ओलांडलेल्या माणसाला साहेबांनी कपाटाशेजारी मांडून ठेवलं होतं. फक्त काच बसवायची राहिली होती. गुडघा गेला, खेचरं लेकीच्या हाती गेली, म्हणून तो हे सोसत होता.

संग्रहालयाचे हे साहेब खालच्या मैदानातून आलेले. डोंगराबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, चढताना दम का लागतो एवढं सोडून. इथला इतिहास त्यांनी चार महिन्यांत उरकला होता. खेचराच्या गळ्यातली घंटा म्हणजे म्हणे ‘आदिम संगीत’. वळणावर समोरच्याला कळावं म्हणून ती बांधतात, हे कुरकुऱ्याने सांगून पाहिलं. साहेबांनी मान डोलावली आणि आपलंच छापलं.

त्या सोमवारी मधल्या दालनात नवी वस्तू आली. अकरा दगडांची रास, खाली वाळू, वर पिवळा दिवा. पाटी: पर्वतदेवतेचे स्थान, अतिप्राचीन.

कुरकुऱ्या लंगडत जवळ गेला. सगळ्यात लांब दगडाच्या पोटात पांढरी रेघ होती. ती त्याने लगेच ओळखली. त्याचा भाऊ दोन खेचरांसकट दरीत कोसळला, त्यानंतरच्या आठवड्यात हा दगड कुरकुऱ्यानेच खांद्यावरून वर नेला होता. खिंडीत एका जागी बर्फ कड्याबाहेर छज्ज्यासारखा वाढतो. वरून रस्ता दिसतो, खाली काहीच नसतं. रास तिथली. लांब दगडाचं टोक पक्क्या जमिनीकडे. धुक्यात खेचरवाले हाताने चाचपून टोक शोधायचे आणि तिकडे वळायचे. अतिप्राचीन म्हणे. कुरकुऱ्याचे तेव्हा केस काळे होते.

पहिला बर्फ पडून गेला होता आणि लेक गुरुवारी निघणार होती.

तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला. सगळं सांगितलं, भावाचंसुद्धा, जे तो कुणाला सांगत नसे. साहेबांनी वही उघडून मन लावून लिहून घेतलं.

“काका, फार सुंदर. ही दंतकथा पाटीवर घालू या.”

“दंतकथा नाही साहेब. माझा भाऊ होता तो.”

“तेच म्हणतोय मी. लोकमानसात किती जिवंत आहे बघा.”

दगड परत मागितल्यावर मात्र साहेबांचा आवाज कोरडा झाला. वस्तूला क्रमांक पडला होता, उद्या उद्घाटन होतं. आणि मूळ जागा नकाशावर नोंदवली होतीच की. कुरकुऱ्याने नकाशा बघायला मागितला. साहेबांनी बोट ठेवलं ती जागा नदीत होती.

घरी लेक खोगीर शिवत होती. तिने ऐकून घेतलं, पण थांबायला तयार होईना. वरच्या वस्तीतलं मीठ संपत आलं होतं. जागा आपण ओळखू, म्हणाली.

“तू राशीवरून ओळखतेस,” तो म्हणाला. “रास नव्हती तेव्हा मलासुद्धा ओळखता आली नाही.”

तिची सुई थांबली. तिने विचारलं, “बाबा, संग्रहालय उघडतं किती वाजता?”

उद्घाटनाची फीत अजून कुणी कापली नव्हती, तेव्हा दारात पाच खेचरं उभी राहिली आणि बापलेक दगड गोण्यांत भरू लागली. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. साहेब धावत आले ते टाळ्या ऐकून जागीच अडखळले. चारचौघांत ओरडता येईना. दात आवळून एवढंच म्हणाले, “काका, उद्यापासून येऊ नका.”

कुरकुऱ्याने कोट काढून चुलीपाशी नीट बसवला. “हा येत जाईल,” तो म्हणाला. “हा तुमच्या चुका काढणार नाही.”

गुरुवारची वाट न बघता ती दोघं निघाली. खेचरवाला खेचरावर बसत नाही. बसला तो ओझं झाला. गुडघ्यापुढे इलाज नव्हता. भर बाजारातून तो मिठाच्या गोणीसारखा लादलेला गेला, न्हावी वस्तरा थांबवून हसला, आणि साहेबांना दिवसभर हसणाऱ्या कुरकुऱ्याने ते हसू खाली मान घालून गिळलं.

खिंडीत धुकं होतं. तो उतरला आणि पोटावर सरपटत, काठीने ठोकत पुढे गेला. ठक, ठक, ठक. मग काठी नुसतीच आत गेली. तो दोन हात मागे सरकला.

“इथे.”

लेकीने दहा दगड रचले, वर लांब दगड ठेवला. त्याने हाताने टोक चाचपलं.

“जरा डावीकडे.”

तिने दगड सरकवला. “आता?”

त्याने पुन्हा चाचपलं. “आता ने खेचरं.”