शांताक्काच्या बाजूचं दार

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलीला सांगावं असं कितीदा तरी मनात आलं — आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलत बसले. तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल कदाचित.

माझं माहेर बेंबळीचं. लग्न होऊन धाराशिवला आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. सासरी शेंगांची अडत. घरचे कर्ते म्हणजे माझे थोरले दीर, दादासाहेब. त्यांची बायको शांताक्का, माझी थोरली जाऊ. अक्का तेर गावची, अंगानं थोराड, मोकळी हसणारी. मी नवी होते, चुकायचे, रडायचे. माझ्या पोळ्या जळल्या की ती त्या आपल्या ताटात घ्यायची. हे आधीच सांगते — तिनं माझं काही वाईट केलं होतं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

हैदराबादच्या कुणा जहागीरदाराची जहागीर गेली, तशा त्याच्या मोटारीही एकेक करून गेल्या. त्यातली एक दादासाहेबांनी आणली. इटलीची. लाल, बुटकी, दोनच माणसांपुरती. ती रस्त्यानं निघाली की अख्खी पेठ दुकानाबाहेर यायची. पण तिची दारं आतून फार नाजूक. हाताशी एक चकचकीत छोटी मूठ, आणि तिच्यामागं दाराच्या पत्र्याआड एक बारीक तार. मूठ ओढली की तार खेचली जायची, खटका सुटायचा, दार उघडायचं. दादासाहेब घरात सगळ्यांना बजावून सांगायचे, "दोन बोटांनी ओढा. जोर लावू नगा. मोडली तर हितं मिळायची न्हाय, मुंबईलाबी मिळायची न्हाय."

सगळ्यांना म्हणजे कुणाला? बसायची तर एकटी अक्काच. मंगळवारी दोघं तुळजापूरला जायची देवीला. परत आली की अक्काचे केस वाऱ्यानं विस्कटलेले असायचे, आणि ती माझ्याशेजारी बसून सगळं सांगायची — घाट कसा दिसला, कोण भेटलं, गाडी कशी पळाली. माझ्यासाठी आठवणीनं कुंकू, बांगड्या आणायची. मी बांगड्या भरायचे आणि आतून जळायचे. मला कधी कुणी "चल" म्हणालं नाही. आमच्या ह्यांना तर ते सुचणंही शक्य नव्हतं.

एका दुपारी पुरुषमंडळी अडतीवर होती, अक्का झोपली होती. मी गाडीत जाऊन बसले. कुठं बसले? अक्काच्या जागेवर. दार ओढून घेतलं. ती घेते तसा पदर घेतला, मान तशीच जराशी वर केली... लाज वाटते सांगायला. मग घरात कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं आणि मी दचकले. दोन बोटांनी मूठ ओढली. आत तार कुठंतरी अडकली होती, खटका सुटेना. मग सगळा हात घातला आणि हिसका दिला. मूठ मोडून हातात आली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. वरून इतकी चकचकीत, आणि मोडली तिथं आतून करडी, रवाळ, शिळ्या भाकरीसारखी.

मी दुसऱ्या बाजूनं उतरले. इथवर ती चूकच होती. मी तशी अक्काकडं गेले असते तर तिनं कपाळाला हात लावला असता, आणि दादासाहेबांपुढं सगळं स्वतःवर घेतलं असतं. तशीच होती ती.

पण मी घरात गेले आणि कुंकवाखाली लावायचं मेण घेऊन परत आले. मेण मऊ करून मूठ जागच्या जागी बसवली. पदरानं पुसली. घाबरून केलं म्हणावं — तर घाबरलेलं माणूस परत येतं का? इतक्या निगुतीनं पुसत बसतं का? आणि त्या दाराशी आता कोण बसणार, हे मला ठाऊक नव्हतं का?

ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी ती दोघं तुळजापूरहून परतली, तेव्हा नवे तहसीलदार आणि त्यांची बायको गाडी बघायला आले होते. आळीतल्या बायाही जमल्या होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. दादासाहेबांनी ऐटीत गाडी थांबवली. अक्कानं मूठ ओढली. दोन बोटांनी ओढली — मी डोळ्यांनी पाहिलं. ती हातात आली. अक्का आधी हसली. मग तिनं दादासाहेबांकडं पाहिलं.

"दोन बोटं म्हणलं हुतं न्हवं? हात हायत का मुसळं?"

"अवो, म्या जोर न्हाय लावला..."

"मग काय आपूआप तुटली?"

सगळे हसले. तहसीलदारीणबाईही तोंडाला रुमाल लावून हसल्या. अक्का हाताला लागलेलं मेण पदराला पुसत राहिली. तिला वाटलं, गाडीचंच ग्रीस असेल. मी हसले नाही. बोललेही नाही. चहा दिला.

मुसळ हे नाव तिला तिथून चिकटलं. आधी थट्टेत. मग चिनी मातीचे कप तिच्या हातात द्यायचे बंद झाले, मग कंदिलाच्या काचा. ती भिऊन भिऊन वस्तू धरायला लागली, आणि भिऊन धरल्यानं त्या खरंच पडायला लागल्या. नाजूक काम निघालं की दादासाहेब म्हणायचे, "सुमनकडं द्या, तिचा हात हलका हाय." आणि मला ते आवडायचं. हेही सांगितलं पाहिजे — मला ते फार आवडायचं.

मग माझी मुलगी झाली. अक्काला मूलबाळ नव्हतं. मला दिवस गेले होते, तेव्हा तिनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, माझे डोहाळे तिनंच पुरवले होते. बाळंतपण होऊन मी बेंबळीहून आले आणि पोर तिच्यापुढं धरली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगं गं सुमन. माझ्या हाताचा भरवसा न्हाय. तूच धर, म्या बघते."

ती पाळण्याची दोरी तेवढी ओढायची. तीही हळू, थांबून थांबून, बोटांच्या टोकांनी. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? मी पोरीला छातीशी धरून उभी राहिले.

पुढं गाडी विकली. सोलापूरचा एक मोटारींतला जाणता माणूस ती न्यायला आला. तारेनं बांधलेली ती मूठ पाहून त्याला हसूच आलं. म्हणाला, "ह्या गाड्यांचं हे दुखणंच आहे, साहेब. मूठ कच्च्या धातूची, त्यात आतली तार अडकते. कुणीही ओढली असती तरी मोडलीच असती." दादासाहेब "असं व्हय" म्हणाले आणि टायरांचं बोलायला लागले. पाणी घेऊन मी तिथंच उभी होते. मला काही कबूलसुद्धा करायला नको होतं. त्या माणसाचं एक वाक्य उचलून स्वयंपाकघरात न्यायचं, एवढंच.

अक्का भाकरी थापत होती. "काय म्हणत हुता गं त्यो?"

"गाडी चांगली ठेवलीय म्हणाला," मी म्हटलं.

का? आजही मला सांगता येत नाही. भीती तर तेव्हा उरली नव्हती. हलका हात माझा एकटीचाच राहावा, असं वाटलं असेल.

अक्का म्हातारी होऊन गेली. तिच्या तेराव्याला सगळं गणगोत जमलं होतं. जेवणं झाल्यावर माणसं तिच्या आठवणी काढत बसली, मायेनंच. नात्यातल्या एका पोरीनं विचारलं, त्यांना मुसळकाकू का म्हणायचे? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सुमनकाकीला विचार, ती तिथंच हुती."

आणि मी सांगितलं. मूठ कशी हातात आली, दादासाहेब कसे ओरडले, अक्काचं तोंड कसं झालं — त्यांचा आवाज काढून, तिच्यासारखं बघून सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं. डोळे पुसत पुसत माणसं हसली.

माझी मुलगीही हसली. मग म्हणाली, "खरंच की. तिनं मला एकदासुद्धा कडेवर घेतलं न्हाय."

मी उठून खरकटी ताटं गोळा करायला लागले.