भट्टी मी जोरात तापवली होती

हे नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही, आणि जिच्यापाशी माझ्या पोटात काहीच राहत नाही त्या मैत्रिणीलाही नाही. गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते — पण जरा आडवळणानं येऊ द्या.

चंद्रपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी धातुशास्त्र शिकवते. निकेल आणि ॲल्युमिनियमची पूड मिसळायची, दाबून टिकली करायची, भट्टीत तापवायची — माझी पीएच.डी. याच टिकल्यांवर. दोन्ही धातू एकजीव झाले तर एकच फेज, म्हणजे सगळीकडे एकाच रचनेचं संयुग मिळतं. नाहीतर अर्धवट जुळलेल्या फेजांची खिचडी.

माझ्या गाइड सरांचा हुकूम होता, भट्टी हळू तापव. खिचडीच मिळायची. मग नागभीडला मावसबहिणीचं लग्न आलं. गाडी चुकू नये म्हणून मी भट्टी जोरात तापवली. आणि काय व्हावं? — टिकली एकाच फेजची निघाली! सर इतके खूश, की मला खरं सांगवेना. हळूच तापवली, असं मी त्यांना म्हणाले. प्रबंधातही तेच लिहिलं. भित्री होते का? होते. पण एवढंच असतं तर कदाचित मी आज तुमच्याशी बोलले नसते.

पुढे रोशनी आली. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची, घरात एवढं शिकणारी पहिलीच, माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी. प्रबंधात वाचलं तशी ती भट्टी हळू तापवायची आणि खिचडी घेऊन माझ्याकडे यायची. कारण मला माहीत होतं. कोमट तेलात सोडलेली पुरी फुगत नाही, नुसती तेल पिते — तसंच हे. हळू तापवलं की मधल्या फेज आधी बनतात, ॲल्युमिनियम खाऊन टाकतात, आणि पुढची अभिक्रिया नीट पेटतच नाही. हे कळत असून मी तिला काय म्हणाले? — तुझ्या हाताला सफाई नाही. वर्षभर हेच म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, मले नाई जमत हे. घरीबी सांगून टाकलं, वापस येतो म्हणून."

मला माझीच लाज वाटली. तिथेच, भट्टीपाशी, सगळं सांगितलं.

"वर्षभर मी माह्या हातायले दोष देऊन राह्यली होती, मॅडम." तिचा आवाज चढला होता, आणि चढायलाच हवा होता. मग तिनं विचारलं, "जोरात म्हणजे किती जोरात?"

ती गेली नाही. काल विभागाच्या बैठकीत तिनं आपल्या दोन टिकल्यांचे एक्स-रे आलेख सगळ्यांसमोर लावले. हळू तापवलेली — खिचडी. जोरात तापवलेली — एकच फेज.

"वेग बदलला का फेज बदलते," ती म्हणाली. "मॅडमच्या प्रबंधात वेग खोटा हाय."

सगळे माझ्याकडे वळले.

"हो, खोटा आहे," मी म्हणाले.

रोशनीनं पुढचा आलेख लावला.