सहा जणींचा संघ

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सातपूरचा मुलींचा फुटबॉल संघ जिल्हा स्पर्धेतून न खेळताच बाद झाला. सामना सुरू करायला किमान सात खेळाडू लागतात. मैदानावर सहा आल्या होत्या. आदल्या वर्षीही संघ उतरला नव्हता. आमच्या स्पर्धेच्या नियमानुसार लागोपाठ दोनदा असं झालं की नोंदणी जाते.

या संघाचा प्रशिक्षक आणि मी एकेकाळी एका कारखान्याच्या संघात होतो. तो मधल्या फळीत, मी गोलमध्ये. कारखान्याने संघ बंद केला तेव्हा तो मशिनवर गेला, मी वर्तमानपत्रात. मग त्याने कामगार वसाहतीतल्या मुलींना शिकवायला घेतलं. सराव त्याच्या पाळीवर ठरे. पहिली पाळी असली की संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो कारखान्यातून थेट मैदानावर येई. मुलींच्या आयांना त्याच्या पाळ्या पाठ होत्या.

संघ जिल्ह्यात बरेचदा जिंकला, आणि जिंकला म्हणूनच रिकामा झाला. चांगल्या मुली बाहेरच्या क्रीडा वसतिगृहांत गेल्या, काही पोलिसांत, काही रेल्वेत. निवड चाचणीला त्यांना तोच घेऊन जायचा. नव्या मुली येईनाशा झाल्या. दहावी आली की क्लास लागे. ज्यांना परवडे त्या अकादमीत जात.

ओझरच्या संघाचे प्रशिक्षक त्याला म्हणत, "सर, तुम्ही संघ चालवता की मुलींची पाठवणी करता?"

"पाठवणीचं जेवण तुमच्याकडे लागलं," तो म्हणायचा.

या वर्षी बरोबर सात मुली उरल्या. सामन्याच्या दोन दिवस आधी कर्णधार मुलीला वसतिगृहाचा निरोप आला: शनिवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हा. शनिवारी सकाळी तिचं सामान माझ्या स्कूटरवर होतं, म्हणून बसस्थानकावर मीही होतो.

"सर, उद्या खेळून सोमवारी गेले तर?"

"शनिवार म्हणजे शनिवार. तुझ्यामागे दुसरी पोरगी उभी आहे तिथे."

"मग उद्या सातवी कोण?"

"ते मी बघतो. पाणी घेतलंस का?"

बस सुटल्यावर मी त्याला विचारलं, "कोण आहे सातवी?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

रविवारी सहाही जणी किट घालून उभ्या राहिल्या. ओझरचे प्रशिक्षक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आमची एक घ्या ना सर. कोण बघतंय?"

"पंच बघतायत," तो म्हणाला. "आणि पोरीही."

ठरलेली वेळ संपल्यावर पंचांनी ओझरला पुढे चाल दिली.

फेब्रुवारीत संघाची नोंदणी रद्द झाली. सहापैकी दोघी अकादमीत गेल्या, चौघींनी खेळ सोडला. वसतिगृहात गेलेल्या मुलीला तिथल्या पहिल्या संघात अजून जागा मिळालेली नाही.