काकांचे भाडेकरू

काका दह्याशी बोलायचे. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी मागच्या खोलीत भाड्याने राहायचो, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "चलो, उठा! कामाला लागा!" पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच उठवतायत. घाबरून आंघोळसुद्धा करून आलो.

"तू एकटाच भाडेकरू नाहीस रे," पोटावर थाप मारून काका म्हणाले. "इथे बघ, किती जंतू राहतात. ते बिघडले की त्यांची घाण रक्तात जाते, हृदयाच्या नळ्या खराब होतात. त्यांना दही देऊन खूश ठेवायचं, बस."

हसत सांगायचे, पण आतून टरकलेले. वडील आणि मोठा भाऊ, दोघंही हार्टनेच गेले, साठीच्या आत. काका एकोणसाठचे. जिना चढताना मध्येच थांबून नाडी बघायचे. मी बघतोय असं दिसलं की घड्याळ बघितल्यासारखं करायचे. हातात घड्याळ नसायचंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "अंकल, पेट और दिल का रिश्ता है, दही खाइए, पर गोली मत छोड़ना." काकांनी त्यातलं अर्धंच घरी आणलं. पोह्यांच्या डब्यामागे मला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

"काका, हे काय?"

"अरे यार, गोळ्यांनी माझे भाडेकरू मरतील. काकूला बोलू नकोस हां."

नाही बोललो. उलट त्यांची नक्कल बसवली.

परभणीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्लेला मी. संक्रांतीला दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये काका सादर केले. आधी पोटावर थाप, मग छाती चोळायची, मग भाषण. लोक हसून बेजार. तेवढ्यात पहिल्या रांगेत काकाही छाती चोळायला लागले.

"वाह काका! ओरिजिनल!" टाळ्या पडल्या.

पण पोटावर थाप मारल्याशिवाय काकांचा हात छातीवर जायचाच नाही. हे मला पाठ होतं. आज थाप पडलीच नव्हती. मी माइक टाकून धावलो.

"गॅस आहे रे. ताक दे," ते म्हणाले. जानेवारीत कपाळावर घाम.

स्ट्रेचरवर काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "थंडीत दही लागत नाही. गुंडाळून ठेव." पुढे काहीच नाही.

तेराव्यानंतर काकूला गोळ्यांचं सांगितलं. ती उठली आणि विरजणाचं भांडं माझ्या हातात दिलं.

ते मी काकांच्या कानटोपीत गुंडाळतो. सकाळी झाकण काढायच्या आधी "उठा" म्हणतो, त्यांच्या आवाजात नाही, माझ्याच. आणि झाकण तसंच धरून उभा राहतो. आज लागलं नसलं तर?