केझायाने घर बुडवलं

केझाया टॉलीच्या तोंडी लागायचं नाही, हे इंग्लंडातल्या रग्बी गावच्या कालव्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. जन्म बोटीच्या मागच्या खोलीत, बाळंतपणंही तिथंच, आणि नवरा गेला तोही कोळशाची खेप पोचवता पोचवता. मालवाहतूक बंद झाली तशी बाकीची मंडळी विटांच्या घरांत गेली. ही गेली नाही. बापाच्या ‘लॅपविंग’ या लांबलचक लाकडी बोटीवर साठी ओलांडली तरी एकटीच राहत होती. दारावरचे रंगवलेले गुलाब पाहून कुणी "किती गोड!" म्हणालं की ती वसकन अंगावर जायची.

"गोड? सहा जण झोपायचो आम्ही इथं. एकमेकांच्या तंगड्यांवर!"

त्या सकाळी धाकटा भाऊ एनॉक आला, सोबत क्रेन लावलेली लॉरी आणि हॉस्किन्स नावाचा हॉटेलवाला घेऊन. पोरगा म्हणून बापाने बोट त्याच्या नावावर केली होती. राबली मात्र ही.

"ताई, यांना मागची खोली हवीय. हॉटेलच्या बागेत ठेवतील. नीट जपतील बघ."

"आणि बाकीची बोट?"

एनॉक क्रेनचे दोर सोडवायला वळला. हॉस्किन्सच म्हणाला, "पुढचं लाकूड जुनं झालंय हो. कापून काढू. शेकोटीला होईल."

केझायाच्या डोक्यात सणक गेली. "मुंडकं ठेवायचं आणि धड जाळायचं, याला जपणं म्हणतोस होय रे मेल्या?"

ती आत गेली. गादी, किटली, दिवा काठावर येऊन आदळले. आवरतेय बिचारी, असं वाटून एनॉकने सुटकेचा निःश्वास सोडला. मग आतून हातोडीचे घाव ऐकू आले.

बोटवाल्यांची जुनी रीत होती. काम नसलेली लाकडी बोट उन्हात फाटू द्यायची नाही, उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या फुगून घट्ट राहतात, पुढे कधीतरी उपसून वर काढता येते. केझायाने फळ्यांच्या फटींत ठासलेला डांबरी काथ्या छिन्नी-हातोडीने उकरून काढला होता. पाणी भसाभसा आत शिरत होतं.

"अगं बाई, घर आहे ते तुझं!" एनॉक किंचाळला.

"तू विकलंस तेव्हा नव्हतं वाटतं?"

दुपारपर्यंत बोट कालव्याच्या तळाला टेकली. छत तेवढं वर उरलं, आणि त्यावर केझाया भिजल्या स्कर्टसकट बसली. पाणी भरलेलं हे धूड क्रेनला उचलवणार नव्हतं. हॉस्किन्स शिव्या हासडत निघून गेला.

"आता राहणार कुठं तू?" एनॉकने रडकुंडीला येऊन विचारलं.

"तुझ्याकडे. ही बोट अख्खी दुरुस्त करणारं कुणी भेटेपर्यंत. रोज सकाळी तुझ्यासमोर चहाला बसणार, आणि रोज विचारणार, का विकलीस म्हणून." तिने काठाकडे हात केला. "उचल ती गादी. बघतोस काय!"

एनॉकने गादी उचलली.