लवकर परत आलेल्या बरण्या

आमच्या मोठ्या काकूला सगळी गल्ली बरणीकाकू म्हणते. अगदी तोंडावर म्हणते, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात तिच्या घरामागच्या बागेत टोमॅटो, काकड्या, शेंगा, मिरच्या सगळं एकदमच तयार होतं, आणि मग त्या घरात कोणाला धड बसायला जागा मिळत नाही. खुर्च्यांवर टोमॅटो पसरलेले, मोठ्या पातेल्यात बरण्या उकळत ठेवलेल्या, ओट्यावर फडक्यावर झाकणं पालथी घातलेली. गरम सॉस भरून झाकण घट्ट लावलं की बरणी निवताना ते आत ओढलं जातं आणि बारीकसा आवाज होतो. तो आवाज झाला की काकू मान हलवायची. नाही झाला तर ती बरणी वर फळीवर जायची नाही, लगेच खाऊन संपवायची.

मग वाटप. आम्हाला, समोरच्या शिंपीणबाईला, ती काम करायची त्या लॉन्ड्रीतल्या बायकांना. थंडीत बरणी रिकामी झाली की घासूनपुसून परत करायची एवढीच अट होती. ज्याने बरणी हरवली त्याचा काकू वर्षभर उद्धार करायची.

चवीच्या बाबतीत तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. चमच्याचं टोक ओठाला लावायची, जरा थांबायची, आणि काय कमी आहे ते सांगून मोकळी व्हायची. आमच्याकडे जेवायला आली की पहिला घास घेण्याआधीच पाण्याचा पेला जवळ ओढायची. आई चिडायची, पण पदार्थ बिघडला की पहिला फोन काकूलाच करायची.

गेल्या वर्षी काकूला ताप आला. ताप गेला आणि जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला, पाठोपाठ चवही. मीठ, साखर, चिंच, सगळं जिभेला सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी कधी येतही नाही. असं सांगायला डॉक्टर कशाला लागतो, असं मी तेव्हा म्हणाले होते, आणि आईने माझ्याकडे डोळे वटारले होते.

काकू लॉन्ड्रीत इस्त्री करायची. खिडकीजवळचं टेबल तिचं. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. आजारपणानंतर ती कामावर गेली आणि एका दुपारी शर्टावर इस्त्री तशीच ठेवून खाली पडलेलं बटण शोधायला वाकली. करपल्याचा वास दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कपडे पिळणाऱ्या बाईला आला, काकूला आला नाही. मालक भला माणूस. म्हणाला, "बाई, थोडे दिवस घरी आराम करा." ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

म्हणजे उरली ती बाग. आणि यंदा बागेला जणू कोणी सांगून ठेवल्यासारखे टोमॅटो लागले. काकूने पदर खोचला. चव बघायचं काम तिने काकांना दिलं.

काकांनी आयुष्यभर बस चालवली आणि घरात कायम मागच्या सीटवर बसले. स्वयंपाकघरात त्यांच्या मताला कवडीची किंमत नव्हती. ते आता रोज चमचा घेऊन उभे राहू लागले.

"अहो, मीठ?"

"बरोबर."

"आंबट?"

"बरोबर."

पहिल्या दिवशी ते खरं बोलले होते. "जरा खारट झालंय गं," म्हणाले होते. काकूने ते अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि तिथेच खाली बसून रडली. काकांनी तिला रडताना फारसं कधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

खारट का व्हायचं तेही कळण्यासारखं होतं. बरणी नासली तर आपल्याला वास येणार नाही, आपल्या हातचं खाऊन कोणी आजारी पडेल, या धास्तीने ती मुठीने मीठ घालायची. वर व्हिनेगर. वर आणखी थोडं मीठ. तो सॉस दहा वर्षं टिकला असता. खाणाऱ्याचं सांगता येत नाही.

आमच्या घरी पहिली बरणी उघडली तेव्हा बाबांना ठसका लागला. आईने ती बरणी मोरीत रिकामी केली, घासली, आणि मला परत द्यायला पाठवलं. शिंपीणबाईनेही तेच केलं असणार, लॉन्ड्रीतल्या बायकांनीही. रिकामी बरणी परत करायची ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. थंडीची वाट मात्र कोणी पाहिली नाही.

काकूला वाटलं, फस्त केलं. किती दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. "बघ, अजून हात गेलेला नाही माझा," मला म्हणाली, आणि परत आलेल्या बरण्या पुन्हा भरायला घेतल्या. ती भरायची, गल्ली ओतायची. मला याची चीड आली. मी काकांना अंगणात गाठलं. ते वेलींना काठ्या बांधत होते.

"काका, तिला सांगा तरी."

"काय सांगू?" हातातली सुतळी तशीच धरून ते म्हणाले. "काम गेलं तिचं. जेवताना लाकूड चावल्यासारखं चावते. एवढं एकच राहिलंय तिच्याकडे. ते मी काढून घेऊ?"

 मी तशीच घरी आले.

घोळ केला शिंपीणबाईने. काकूने सकाळी दिलेली बरणी तिने संध्याकाळी आणून दिली, लखलखीत घासलेली. "फार छान झालंय हो," असंही म्हणाली. शिंपीणबाई एकटी राहते आणि चिमणीएवढं खाते. काकू दारात ती बरणी हातात घेऊन किती तरी वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. गॅसवर पातेलं होतं, टोमॅटो आटत आला होता. मला स्टुलावर बसवलं आणि काकांना हाक मारली. काका हात धुऊन आले, चमचा उचलला.

"अहो, मीठ?"

"बरोबर."

"तिखट?"

"बरोबर. अगदी पूर्वीसारखं जमलंय आज."

काकूने गॅस बंद केला. "यात मीठ घातलेलंच नाही," ती म्हणाली. "तिखटही नाही. नुसती साखर आहे."

काकांनी चमचा ओट्यावर ठेवला.  काकू माझ्याकडे वळली. "तू सांग. सगळ्याच बरण्या?"

मी म्हणाले, "हो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पातेलं उचललं, बाहेर नेऊन वेलींच्या बुडाशी ओतलं आणि आत येऊन रिकाम्या बरण्या फळीवर चढवल्या, झाकणं एकात एक रचून ठेवली. त्यानंतर ती बागेत गेली नाही. टोमॅटो वेलीवरच फुटले, माश्या घोंगावू लागल्या. काका सकाळी बादली भरून फाटकाशी ठेवायचे, ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून. सॉस नव्हता, नुसते टोमॅटो होते, म्हणून लोकांनी नेले. ते टोमॅटो खरंच चांगले होते.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होते. स्वयंपाक काकूच करते, कोणी तरी करायलाच हवा. काकांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि घसा साफ करून म्हणाले, "आज मीठ जरा जास्त पडलंय."

मला इतकं बरं वाटलं. त्यांना हे म्हणायला काय धीर गोळा करावा लागला असेल ते मला दिसत होतं, चमचा अजून हातातच होता.

काकूने मान वर केली. आवाजात राग नव्हता. "खरंच जास्त पडलंय," तिने विचारलं, "की माझा विश्वास बसावा म्हणून म्हणताय?"

 काका काय सांगणार? तेच तोंड, तोच चमचा.

मी घाईघाईने घास घेतला. मीठ जास्तच होतं, तोंडात धरवत नव्हतं. "काकू, शपथ, खारट आहे," मी म्हणाले.

ती माझ्याकडे तशीच बघत राहिली, जशी काकांकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या ताटातला एक मोठा घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसली.